गोड्या पाण्यातील माशांचे ओटोलिथ: वाढ आणि जीवसंख्या यांनुसार होणारे फरक कसे अभ्यासावेत

माशाच्या कवटीत, मेंदूच्या दोन्ही बाजूंना असलेल्या आंतरकर्णात चुनखडीचे छोटे खडे असतात. त्यांना ओटोलिथ म्हणतात. बोलताना त्यांना कानाची हाडे म्हटले जात असले, तरी त्यांत ना हाडातल्यासारख्या पेशी असतात ना फॉस्फेट. ते मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असतात आणि त्यात थोडे प्रथिन मिसळलेले असते. हाडातले कॅल्शियम गरजेनुसार शरीर परत वापरू शकते, पण ओटोलिथवर एकदा जमलेला थर सहसा पुन्हा विरघळत नाही. त्यामुळे माशाच्या आयुष्यातील वाढीची नोंद त्यात टिकून राहते. ही नोंद वाचायला आणि तिच्या आधारे दोन ठिकाणच्या माशांची तुलना करायला शिकू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्यात एका गोष्टीवर सर्वाधिक भर दिला आहे: ओटोलिथचा आकार आधी वाढीबद्दल सांगतो आणि जीवसंख्येबद्दल, म्हणजे एका ठिकाणी राहून आपापसांत प्रजनन करणाऱ्या माशांच्या गटाबद्दल, त्यानंतर. वाढीचा परिणाम वेगळा काढल्याशिवाय जीवसंख्यांमधील फरकाबद्दल काहीही म्हणता येत नाही, आणि नवख्या अभ्यासांतील बरेचसे चुकीचे निष्कर्ष नेमके याच ठिकाणी जन्म घेतात.

पहिली पायरी: कोणता ओटोलिथ घ्यायचा ते ठरवा

प्रत्येक हाडी माशात ओटोलिथच्या तीन जोड्या असतात. सॅक्युलस या पिशवीत सॅजिटा, युट्रिक्युलसमध्ये लॅपिलस आणि लॅजिनामध्ये ॲस्टेरिस्कस. समुद्री माशांवरील बहुतेक साहित्य सॅजिटाबद्दल आहे, कारण बहुतेक माशांत तीच जोडी सर्वांत मोठी असते. पर्च, ट्राउट, तिलापिया यांसारख्या गोड्या पाण्यातील माशांनाही हे लागू पडते. पण गोड्या पाण्यातील माशांचा फार मोठा भाग कार्प आणि मार्जारमीन यांच्या गटांचा असतो, आणि तेथे चित्र बदलते. या माशांत वाताशय (पोटातील हवेची पिशवी) आणि आंतरकर्ण यांना जोडणारी छोट्या हाडांची साखळी असते, तिचे वर्णन एर्न्स्ट हाइनरिख वेबर यांनी १८२० मध्ये केले. या गटांत सॅजिटा बारीक सुईसारखी असते आणि काढतानाच मोडते. कार्प कुळात ॲस्टेरिस्कस हा चपटा, तबकडीसारखा खडा सर्वांत मोठा असतो, तर मार्जारमीनांत सहसा लॅपिलस. म्हणून समुद्री माशांसाठी लिहिलेली कृती जशीच्या तशी कार्पवर वापरू नका. कामाला सुरुवात करण्यापूर्वी आपल्या प्रजातीचे चार-पाच मासे घेऊन तिन्ही जोड्या काढून पाहाव्यात, कोणती जोडी सलग मिळते आणि कोणत्या जोडीच्या कडा स्पष्ट आहेत ते ठरवावे, आणि मग संपूर्ण अभ्यासात तीच जोडी वापरावी.

येथे एक रासायनिक बाबही लक्षात ठेवावी. सॅजिटा आणि लॅपिलस हे सहसा अरागोनाइट या स्फटिकरूपात असतात, तर ॲस्टेरिस्कस व्हॅटेराइटचा असतो. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, पण घनता आणि सूक्ष्म मूलद्रव्ये सामावून घेण्याची रीत वेगळी. त्यामुळे एका माशाच्या ॲस्टेरिस्कसची दुसऱ्याच्या लॅपिलसशी तुलना करणे निरर्थक आहे. सॅजिटामध्येही कधी कधी व्हॅटेराइट तयार होते, विशेषतः उबवणी केंद्रांत वाढवलेल्या सामन आणि ट्राउटमध्ये. असा खडा काचेसारखा पारदर्शक आणि खडबडीत कडांचा दिसतो. तो आकाराच्या विश्लेषणातून वगळावा, पण टाकून देऊ नये. त्याची नोंद स्वतंत्र रकान्यात ठेवावी, कारण किती टक्के माशांत असे खडे आहेत ही स्वतःच उपयोगी माहिती असते.

दुसरी पायरी: नमुना निवडा

जीवसंख्यांची तुलना करायची असेल तर नमुना निवडतानाच अर्धे काम चांगले किंवा वाईट होते. एका जलाशयातील सगळे मासे १२ ते १५ सेंटीमीटरचे आणि दुसऱ्यातील २५ ते ३० सेंटीमीटरचे असतील, तर पुढे कोणतीही सांख्यिकीय पद्धत त्यांना वाचवू शकत नाही, कारण लांबीचा परिणाम आणि ठिकाणाचा परिणाम एकमेकांत पूर्णपणे मिसळून गेलेले असतात. प्रत्येक ठिकाणाहून लहान, मध्यम आणि मोठे असे सर्व आकारांचे मासे घ्यावेत आणि त्या आकारांचे पल्ले एकमेकांशी जुळतील हे पाहावे. मासे एकाच ऋतूतले असावेत, नर-मादी यांचे प्रमाण साधारण सारखे असावे आणि ते एकाच जाळ्यात सापडलेले नसावेत. एका जाळ्यात एकाच थव्याचे, एकाच वयाचे मासे येण्याची शक्यता असते, आणि मग आपण जीवसंख्येऐवजी एका थव्याचा अभ्यास करून बसतो. प्रत्येक ठिकाणाहून किमान ३० ते ५० मासे मिळवण्याचा प्रयत्न करावा. पुढे वापरायच्या चलांची (विश्लेषणात घेतलेल्या मापांची) संख्या जितकी जास्त, तितके अधिक मासे लागतात.

मासा हाताळण्यापूर्वी त्या पाण्यातून नमुने घेण्याची आवश्यक परवानगी मिळवावी आणि मासा वेदनारहित पद्धतीने मारावा. संरक्षित किंवा दुर्मीळ प्रजातींच्या बाबतीत हा अभ्यास मेलेल्या अवस्थेत सापडलेल्या माशांपुरताच मर्यादित ठेवणे उचित.

प्रत्येक माशाला एक क्रमांक द्यावा आणि ओटोलिथ काढण्याआधीच पूर्ण लांबी, शेपटीचा पर सोडून मोजलेली प्रमाण लांबी, वजन, लिंग, तारीख, ठिकाण आणि पाण्याचे तापमान नोंदवावे. बर्फात ठेवलेला किंवा गोठवलेला मासा थोडा आकसतो, म्हणून सगळे मासे ताजे असतानाच किंवा सगळे गोठवल्यानंतरच मोजावेत.

तिसरी पायरी: ओटोलिथ काढा आणि जपा

पर्चसारख्या माशांत डोळ्यांच्या मागे कवटीवर आडवा छेद देऊन डोके हळूच मागे वाकवले की मेंदूच्या खालच्या बाजूला सॅजिटाची जोडी पांढरी चमकताना दिसते. कार्पमध्ये कल्ले काढून कवटीच्या खालच्या बाजूने जाणे सोयीचे. ॲस्टेरिस्कस मागे आणि खाली, पाठीच्या कण्याला कवटी जोडली जाते त्या भागाजवळ असतो, तर लॅपिलस त्याच्या पुढे आणि वरच्या बाजूला. पहिल्या काही माशांत खडे हरवणारच, म्हणून सरावासाठी मुख्य नमुन्यातले मासे वापरू नयेत. चिमटा बारीक टोकाचा असावा, पण पकड सैल असावी.

खडा बाहेर आला की त्यावरचा पातळ पडदा लगेच काढावा, कारण वाळल्यावर तो चिकटून बसतो आणि वजन व बाह्यरेषा दोन्ही बिघडवतो. स्वच्छ पाण्यात मऊ कुंचल्याने घासून, टिपून, सामान्य तापमानाला २४ तास वाळू द्यावे. त्यानंतर छोट्या कुप्यांत कोरडे ठेवावे, डावा आणि उजवा वेगवेगळा. फॉर्मेलिनमध्ये ओटोलिथ किंवा अख्खा मासाही ठेवू नये, कारण फॉर्मेलिन हळूहळू आम्ल बनते आणि आम्लात कॅल्शियम कार्बोनेट विरघळते. मासा साठवणे अनिवार्य असेल तर इथेनॉल वापरावे किंवा तो गोठवावा. मूलद्रव्यांचे विश्लेषण करायचे असेल तर धातूच्या चिमट्याऐवजी प्लॅस्टिकचा चिमटा आणि अतिशुद्ध पाणी वापरावे.

चौथी पायरी: छायाचित्रे आणि मोजमापे

वजन किमान ०.०००१ ग्रॅम अचूकतेच्या तराजूवर घ्यावे, आणि खडे फार लहान असतील तर त्याहून सूक्ष्म तराजू लागतो. छायाचित्रासाठी सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पार्श्वभूमीवर, वरून प्रकाश टाकून चित्र घ्यावे. फक्त बाह्यरेषा हवी असेल तर खालून येणाऱ्या प्रकाशात मिळणारी काळी सावली अधिक स्वच्छ असते. मोजपट्टी प्रत्येक चित्रात असावी. सगळे खडे एकाच दिशेला ठेवावेत: सॅजिटाचे पुढचे निमुळते टोक, म्हणजे रोस्ट्रम, नेहमी एकाच बाजूला, आणि आतल्या पृष्ठावरची खाच, जिला सल्कस म्हणतात, नेहमी वर. डाव्या खड्याचे चित्र आरशातल्यासारखे उलटवून घेतले तर डाव्या-उजव्याची तुलना सोपी होते. खडा किंचित कलता राहिला तरी रुंदी बदलते, म्हणून तो काचेवर सपाट बसला आहे याची खात्री करणे हे या पायरीतले खरे कौशल्य आहे.

इमेजजे या मोफत संगणक-प्रणालीतून लांबी, रुंदी, परीघ आणि क्षेत्रफळ मिळते. या चार मापांवरून आकाराचे निर्देशांक काढता येतात. क्षेत्रफळाला पायच्या चौपटीने गुणून परिघाच्या वर्गाने भागले की आकार-गुणांक मिळतो. पूर्ण वर्तुळासाठी तो १ असतो आणि कडेला जितक्या अधिक खाचा व दाते असतील तितका कमी होतो. लांबी आणि रुंदीच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की लंबवर्तुळपणा मिळतो. क्षेत्रफळाला लांबी गुणिले रुंदीने भागले की आयताकृतीपणा मिळतो. हे निर्देशांक समजायला सोपे आहेत, पण त्यांतला परीघ चित्राच्या विभेदनावर अवलंबून असतो. अधिक बारकाव्याच्या चित्रात कडेचे प्रत्येक वळण मोजले जाते आणि परीघ वाढतो, म्हणून सर्व चित्रे एकाच विवर्धनाची आणि एकाच विभेदनाची असली पाहिजेत.

सुमारे २० ते ३० खडे दुसऱ्या दिवशी, पहिले आकडे न पाहता, पुन्हा ठेवून आणि पुन्हा छायाचित्र घेऊन मोजावेत. जुन्याच चित्रावर पुन्हा मोजणे पुरेसे नाही, कारण चुकीचा मोठा भाग खडा ठेवण्यात असतो. त्यानंतर डाव्या आणि उजव्या खड्यांची जोडीने तुलना करावी. फरक आढळला नाही तर एकच बाजू वापरता येते. आढळला तर बाजू कधीही मिसळू नयेत.

पाचवी पायरी: वाढीचा परिणाम समजून घ्या आणि वेगळा काढा

हा या कामाचा गाभा आहे. माशाची लांबी आणि ओटोलिथची लांबी यांचे नाते सहसा सरळ रेषेत नसते. ते घातांकी असते: ओटोलिथची लांबी ही माशाच्या लांबीच्या विशिष्ट घाताच्या प्रमाणात बदलते. दोन्हींचे लॉग घेतले की सरळ रेषा मिळते आणि तिचा उतार म्हणजेच तो घातांक. घातांक १ असेल तर दोघे सारख्या प्रमाणात वाढतात. १ पेक्षा कमी असेल तर मासा मोठा होताना ओटोलिथ त्याच्या तुलनेत मागे पडतो. वजनाच्या बाबतीत समप्रमाणाचा घातांक ३ असतो, कारण वजन तिन्ही दिशांच्या वाढीवर ठरते. आकारही वयाबरोबर बदलतो. लहान माशाचा खडा बहुधा गोलसर आणि गुळगुळीत असतो, आणि मासा वाढेल तसा तो लांबट होतो, त्याच्या कडा दातेरी होतात आणि खाचा खोल जातात. त्यामुळे दोन ठिकाणच्या खड्यांत दिसणारा फरक अनेकदा केवळ लहान-मोठ्या माशांचा फरक असतो.

लांबीचा परिणाम काढून टाकण्याची रूढ पद्धत अशी: सर्व माशांची सरासरी लांबी घ्यायची, तिला त्या माशाच्या लांबीने भागायचे, येणाऱ्या संख्येचा त्या मापासाठी मिळालेला घात घ्यायचा आणि त्याने मूळ मापाला गुणायचे. समजा सरासरी लांबी १८० मिलिमीटर आहे आणि घातांक ०.८ आहे. २४० मिलिमीटरच्या माशाचा ओटोलिथ ४.२० मिलिमीटरचा आहे आणि १५० मिलिमीटरच्या माशाचा २.९० मिलिमीटरचा. पहिल्यासाठी १८० भागिले २४० म्हणजे ०.७५, त्याचा ०.८ वा घात सुमारे ०.७९४, आणि दुरुस्त लांबी ३.३४ मिलिमीटर. दुसऱ्यासाठी १.२ चा ०.८ वा घात सुमारे १.१५७, आणि दुरुस्त लांबी ३.३६ मिलिमीटर. मूळ आकड्यांत मोठी तफावत दिसत होती. माशाचा आकार हिशेबात घेतल्यावर दोन्ही खडे जवळपास सारखेच ठरले. दुरुस्ती केल्यावर ते माप माशाच्या लांबीशी निगडित राहिलेले नाही, हे पुन्हा तपासून पाहणे विसरू नये.

ही दुरुस्ती करण्यापूर्वी एक चाचणी अनिवार्य आहे: सर्व जीवसंख्यांतील रेषांचे उतार सारखे आहेत का? त्यासाठी लांबी आणि ठिकाण यांच्या परस्परक्रियेसह सहप्रचरण विश्लेषण (गटांच्या रेषांची तुलना करणारी सांख्यिकीय चाचणी) करावे. उतार वेगळे असतील तर एकच घातांक सर्वांना लावता येत नाही. अशा वेळी सामाईक आकारपल्ल्यातलेच मासे घेऊन तुलना करावी, किंवा उतारांतला फरक हाच निष्कर्ष म्हणून मांडावा. तो अधिक रोचकही असू शकतो.

लांबी काढून टाकली म्हणजे वाढीचा प्रश्न संपला असे मात्र नाही. मासा उपाशी असला, त्याची लांबी वाढणे थांबले, तरी ओटोलिथवर थर साचत राहतात. म्हणून सारख्याच लांबीच्या दोन माशांपैकी हळू वाढलेल्या, म्हणजे वयाने मोठ्या माशाचा ओटोलिथ अधिक मोठा आणि जड असतो. डेव्हिड रेझनिक आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये गप्पी माशांवर प्रयोग करून हे थेट दाखवले: हळू वाढवलेल्या माशांचे ओटोलिथ तेवढ्याच आकाराच्या वेगाने वाढवलेल्या माशांपेक्षा मोठे निघाले. म्हणजे थंड, अन्नाने गरीब तलावातील आणि उबदार, समृद्ध तलावातील मासे आनुवंशिकदृष्ट्या एकच असले, तरी लांबीची दुरुस्ती केल्यानंतरही त्यांचे ओटोलिथ वेगळे दिसू शकतात. हा फरक खरा आहे, पण तो स्वतंत्र जीवसंख्येचा पुरावा नाही. तो ओळखायचा असेल तर वय माहीत असावे लागते.

सहावी पायरी: वय वाचा

ओटोलिथमध्ये वर्षाकाठी एक अपारदर्शक आणि एक अर्धपारदर्शक पट्टा तयार होतो, हे १८९९ मध्ये राइबिश यांनी प्लेस या चपट्या समुद्री माशात ओळखले. रोज पडणाऱ्या अतिसूक्ष्म थरांचे वर्णन पानेला यांनी १९७१ मध्ये केले, आणि त्यामुळे पिल्लांचे वय दिवसांत मोजणे शक्य झाले. काळ्या पार्श्वभूमीवर वरून प्रकाश टाकला तर अपारदर्शक पट्टे पांढरे आणि अर्धपारदर्शक पट्टे काळे दिसतात. खालून प्रकाश टाकला की नेमके उलटे होते, म्हणून कोणता प्रकाश वापरला हे लिहून ठेवावे.

लहान पातळ खडे अख्खेच वाचता येतात. जाड किंवा वयस्कर माशांचे खडे रेझिनमध्ये बसवून, केंद्रातून जाणारा पातळ छेद घेऊन, घासून वाचावे लागतात. केंद्र चुकले तर पहिले वर्ष हरवते. खवल्यांवरून वय काढणे सोपे असले तरी म्हाताऱ्या माशांत ते कमी येते. उत्तर अमेरिकेतील बिगमाउथ बफेलो या गोड्या पाण्यातील माशाचे आयुष्य दीर्घकाळ बरेच कमी समजले जात होते. २०१९ मध्ये ओटोलिथचे छेद वाचून, आणि अणुचाचण्यांतून पसरलेल्या किरणोत्सारी कार्बनच्या आधारे त्या वाचनाची पडताळणी करून, तो ११२ वर्षांपर्यंत जगतो असे दाखवले गेले.

वय दोघांनी स्वतंत्रपणे, माशाची लांबी आणि ठिकाण माहीत नसताना वाचावे. वाचनांतील तफावत सरासरी टक्के-त्रुटी किंवा विचरण गुणांक या, वाचने एकमेकांपासून किती दूर आहेत ते टक्क्यांत सांगणाऱ्या मापांनी सांगावी. उष्ण प्रदेशांत तापमान फारसे बदलत नाही, तेथे पट्टे पाऊस, पूर, दुष्काळ किंवा प्रजनन यांमुळे पडू शकतात, कधी वर्षातून दोनदाही. म्हणून दर महिन्याला नमुने घेऊन कडेवर कोणता पट्टा तयार होतो आहे हे पाहिल्याशिवाय एक पट्टा म्हणजे एक वर्ष असे गृहीत धरू नये.

सातवी पायरी: जीवसंख्यांची तुलना

साध्या निर्देशांकांपेक्षा बाह्यरेषेचे फूरिये विश्लेषण अधिक सूक्ष्म फरक पकडते. त्यात बाह्यरेषा अनेक लंबवर्तुळांच्या बेरजेने मांडली जाते आणि प्रत्येक पातळीसाठी चार गुणांक मिळतात. आकारमान, फिरवणे आणि सुरुवातीचा बिंदू यांचा परिणाम काढून टाकला की पहिल्या पातळीचे तीन गुणांक स्थिर होतात, म्हणून ते विश्लेषणात घ्यायचे नसतात. एकूण आकाराच्या ९९ टक्के भागाचे वर्णन होईल इतक्याच पातळ्या ठेवाव्यात. त्यापुढच्या पातळ्या बहुधा चित्रातला खडबडीतपणाच मोजतात. आर या सांख्यिकीय प्रणालीतील शेपआर हे पॅकेज खास ओटोलिथसाठी तयार केलेले आहे आणि नवख्यांना तेथून सुरुवात करणे सोपे जाते. या गुणांकांतही लांबीशी निगडित असलेले गुणांक दुरुस्त करावेत किंवा वगळावेत.

गट वेगळे करण्यासाठी विवेचक विश्लेषण, म्हणजे मापांवरून मासा कोणत्या गटातला हे ठरवणारा नियम बनवण्याची पद्धत, वापरले जाते, आणि येथे स्वतःची फसवणूक करून घेणे फार सोपे असते. ज्या माशांवरून नियम तयार केला त्यांच्यावरच तो तपासला तर यश नेहमीच जास्त दिसते. एक-एक मासा बाजूला ठेवून, उरलेल्यांवरून नियम बनवून, मग त्या माशाचे ठिकाण ओळखता येते का हे पाहावे. मिळालेले यश निव्वळ योगायोगाच्या यशाशी ताडून पाहावे. तीन समान गट असतील तर डोळे मिटूनही ३३ टक्के मासे बरोबर ओळखले जातात, म्हणून ४५ टक्के यश हा भक्कम पुरावा नव्हे. ठिकाणांची नावे यादृच्छिकपणे अदलाबदल करून तेच विश्लेषण अनेकदा चालवले की आपल्या निकालाचे वजन कळते. चलांची संख्या सर्वांत लहान गटातील माशांच्या संख्येपेक्षा बरीच कमी असावी.

फरक टिकला तर त्याचे कारण शोधताना संयम हवा. आनुवंशिकता, तापमान, अन्न, खोली, प्रवाहाचा वेग यांपैकी अनेक गोष्टी एकाच वेळी काम करत असतात. त्याच ठिकाणांहून दुसऱ्या वर्षी घेतलेल्या नमुन्यांत तोच फरक दिसला तर त्याला अर्थ आहे. एकाच वर्षाच्या पिढीत दिसलेला फरक त्या वर्षीच्या पुराचा किंवा दुष्काळाचा असू शकतो. वयाची माहिती विश्लेषणात घेऊन, सारख्या वयाच्या आणि सारख्या वेगाने वाढलेल्या माशांतही फरक उरतो का, हा प्रश्न विचारावा. मूलद्रव्यांची जोड येथे उपयोगी पडते. स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचे) गुणोत्तर पाणलोटातील खडकांवर अवलंबून असते आणि माशाच्या वाढीचा त्यावर जवळजवळ परिणाम होत नाही. म्हणून मासा कोणत्या ओढ्यात जन्मला आणि नंतर कोठे गेला हे ओटोलिथच्या केंद्रापासून कडेपर्यंत मोजत गेल्यास कळू शकते. आकार जे सुचवतो त्याची यामुळे स्वतंत्र तपासणी होते, आणि जनुकीय माहिती मिळाली तर निष्कर्ष आणखी पक्का होतो.

अहवाल लिहिताना कोणती जोडी वापरली, डावी की उजवी, मासा ताजा होता की गोठवलेला, प्रत्येक गटातील लांबीचा आणि वयाचा पल्ला, पुनर्मोजणीतील त्रुटी, वापरलेले घातांक आणि वगळलेल्या खड्यांची संख्या व कारणे ही माहिती अवश्य द्यावी. खडे आणि मूळ छायाचित्रे माशाच्या क्रमांकासह जपून ठेवावीत, म्हणजे दुसऱ्या कोणी वेगळ्या पद्धतीने तीच मोजमापे करू इच्छिले तर त्यासाठी पुन्हा मासे मारावे लागणार नाहीत.